अहो आई, मला कळलं होतं

अहो आई,

तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, तुम्हाला काय कल्पना, तुम्ही तर मैदानावर होतात. मी मान हलवतो. काहीजण पुढे म्हणतात, आणि त्यांनीच तर तुम्हाला खेळायला पाठवलं होतं. तेव्हाही मी मान हलवतो. यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे फक्त मला आणि माझी बॅग उचलणारा कॅडी संपत याला ठाऊक आहे, असं मी परवापर्यंत समजत होतो.

तुम्हाला मुद्दा पहिल्या ओळीत लागायचा. सरकारी ऑडिट खात्यात जन्म काढलेला माणूस दुसरं काय मागणार. कुणी पाल्हाळ लावला की तुम्ही चष्मा काढून पदराने पुसत बसायचात आणि समोरच्याचं बोलणं आपोआप आटपायचं. म्हणून मुद्दा आधी लिहिला. बाकीचं सांगायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा चष्मा डोळ्यांवर राहू द्या.

'अहो आई' ही हाकसुद्धा तुमच्याकडून बोलणी खाऊनच पक्की झाली. लग्नानंतर तुम्हाला काय म्हणावं हे मला सुचेना. नुसतं 'आई' म्हणायला जीभ वळेना, कारण माझी आई जिवंत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. मग एकदा तोंडातून 'अहो आई' निघून गेलं. तुम्ही भाकरी थापत होतात. मागे न बघता म्हणालात, "ते सुना म्हणतात, विकासराव. पण असू द्या, सून नाहीतरी अजून मिळालेली नाही." तेव्हा तुमच्या आनंदचं लग्न रखडलं होतं आणि तो शेजारच्या खोलीत ऐकत होता.

तुमच्या प्रज्ञाशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, त्या दिवशी माझ्या घरून कुणी आलं नाही. आमच्या वस्तीत बौद्धांची मुलगी केली म्हणून काय काय बोललं गेलं ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाही. तुम्ही तेवढं विचारलंत, राहणार कुठे. मी म्हणालो, बघतोय. तुम्ही म्हणालात, बघेपर्यंत इथे राहा, बघण्यात माणसाचं आयुष्य जातं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या फ्लॅटमध्ये मी घरजावई म्हणून राहिलो, आणि एकाही दिवशी मला तसं वाटू दिलं नाहीत. आपलं माणूस म्हणून घेतलंत आणि आपल्या माणसाला बोलतात तसं बोललात. समोर उसाचं रान दिसतं म्हणून तुम्ही तो फ्लॅट घेतला होता. पुढे रानाच्या जागी मोठी इमारत उभी राहिली, तेव्हा पाहुण्यांना खिडकीतून दाखवत म्हणायचात, ऊस इतका उंच वाढतो हे मला माहीत नव्हतं.

मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, गोल्फ खेळता हे समजलं, करता काय? मी सांगितलं, तेच करतो. तुम्ही प्रज्ञाकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि चहा ओतलात. पण एकदा जावई केल्यावर मात्र तुम्ही माझा खेळ मुळापासून समजून घेतलात. मी स्पर्धेहून आलो की हातपाय धुवून तुमच्यासमोर बसायचं आणि पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत सगळं सांगायचं. कुठे फटका कमी पडला, कुठे पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, चुकला, आणि चुकला तर का चुकला. 'वारा होता' हे उत्तर तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. वारा बाकीच्यांना नव्हता का, असं विचारायचात. माझ्या कोचनेही मला इतकं खोदून विचारलेलं नाही. त्या चौकशीच्या भीतीने मी कित्येकदा नीट खेळलो आहे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आपला एक वाद मात्र कायमचा अर्धवट राहिला. गोल्फमध्ये खेळाडूबरोबर पंच फिरत नाही, आपली चूक आपणच सांगायची आणि दंडाचा फटका आपणच वाढवून घ्यायचा, हे तुमच्या पचनी पडत नव्हतं. स्वतःचा पेपर स्वतः तपासणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणायचात, सगळी पहिल्या वर्गात पास होतात. मी चिडून तुम्हाला माझी गोष्ट सांगितली. एका स्पर्धेत झाडीत शिरलो होतो, बॅट टेकवताना चेंडू जरासा हलला, कुणीही पाहिलं नव्हतं, तरी मी हात वर करून दंड घेतला आणि त्या एका फटक्याने मागे पडलो. (आमच्या दांड्याला तुम्ही शेवटपर्यंत बॅट म्हणालात, म्हणून मीही इथे तेच लिहिलं.) मला वाटलं, आता तुम्ही गप्प बसाल. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "दंड भरलात ते ठीक. पण पावती किती जणांना दाखवलीत? कुणी बघत नसताना खरं बोलणं सोपं असतं, विकासराव. त्याची पुढे गोष्ट होते. सगळे चांगलं म्हणत असताना ते मोडून खरं सांगावं लागलं, तर सांगाल का?"

मी म्हणालो, आमच्या खेळात तशी वेळ येत नाही. तुम्ही सुपारी पुढे केलीत. विषय तिथेच राहिला.

संपतला तुम्ही ओळखत होतात, पण आमचं काम कसं चालतं ते पूर्ण सांगायचं राहून गेलं. आम्ही दोघं गोल्फ कोर्सच्या भिंतीला लागून असलेल्या एकाच वस्तीतले. लहानपणी दोघांनी साहेबलोकांच्या बॅगा उचलल्या. पुढे मी खेळत गेलो आणि तो माझी बॅग उचलू लागला. तो घरी आला की तुम्ही त्याला 'संपतराव' म्हणायचात आणि माझ्या शेजारी ताट वाढायचात. तो अवघडायचा. एकदा तो ताट घेऊन स्वयंपाकघरात जायला निघाला तर तुम्ही म्हणालात, आत जागा नाही, तिथे मी जेवणार आहे. तेव्हापासून तो मुकाट्याने पाटावर बसू लागला.

मी आघाडीवर असलो की शेवटच्या टप्प्यात ढेपाळायचो. कोण कुठे आहे, कोण पुढे गेलं, हे फलकावर दिसलं किंवा कुणी सांगितलं की माझे हात जड व्हायचे. म्हणून मी संपतला एक नियम घालून दिला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या नऊ होलमध्ये, मला अंतर सांगायचं, वारा सांगायचा आणि बाकी काही म्हणजे काही सांगायचं नाही. घराला आग लागली तरी अठरावं संपल्यावर सांग, असं मीच हसत म्हणालो होतो. संपतने तो नियम वर्षानुवर्षं पाळला. मी त्या नऊ होलमध्ये कुणाशी बोलत नाही, बरोबरच्या खेळाडूशीही नाही. सगळ्या खेळाडूंना हे माहीत आहे. ते मला त्यावरून चिडवतात.

तुम्ही गेलात तो आठवडा स्पर्धेचा होता, पुण्यातच, घरच्या कोर्सवर. तुम्ही त्याच्या आधीपासून दवाखान्यात होतात. छातीत पाणी झालं होतं, पण डॉक्टर म्हणत होते की उतार पडतोय. मी रोज सकाळी तुमच्याकडे यायचो, तिथून कोर्सवर जायचो, संध्याकाळी पुन्हा यायचो. तुम्ही ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही होलनिहाय चौकशी केलीत. शुक्रवारी मी सांगत असताना नर्सने तुम्हाला बोलू नका म्हणून दटावलं, तर तुम्ही तिला म्हणालात, मी कुठे बोलतेय, हे बोलतायत, यांना दटावा. ती नर्स तुम्ही गेल्यावर रडली, प्रज्ञाने सांगितलं.

शनिवारअखेर मी आघाडीच्या अगदी जवळ होतो. घरच्या कोर्सवर मी कधी जिंकलेलो नाही. ज्या कोर्सवर बॅगा उचलल्या तिथे एकदा जिंकायचं, ही माझी हाव तुम्हाला माहीत होती. रविवारी सकाळी तुमचा चेहरा मला बरा वाटला नाही. ओठ निळसर दिसत होते. मी म्हणालो, आज जात नाही. खरं सांगायचं तर मी ते म्हणालो तेव्हा तुम्ही 'जा' म्हणणार हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच म्हणालो. तुम्ही हाताने मला हाकललंत. इथे बसून तुम्ही काय करणार, म्हणालात, माझे श्वास मोजणार? प्रज्ञा तिथे होती, आनंद येणार होता. मी निघालो. माझा फोन संपतच्या खिशात राहील आणि काही लागलं तर प्रज्ञा त्यावर करेल, असं ठरलं.

बाराव्या होलपर्यंत मी फार चांगला खेळलो. बाराव्यावर माझा पहिला फटका मधोमध पडला आणि मी चेंडूपाशी जाऊन उभा राहिलो. संपत आला नाही. मागे वळून बघितलं तर तो झाडाखाली पाठमोरा उभा होता, फोन कानाला. अहो आई, संपत स्पर्धेत फोन उचलत नाही. त्याच्या स्वतःच्या बहिणीचं बाळंतपण अडलं होतं त्या दिवशीही त्याने उचलला नव्हता. त्याने फोन उचलला याचा अर्थ एकच होता, आणि तो मला त्याच क्षणी कळला.

तो बॅग घेऊन आला. खाली ठेवली नाही, खांद्यावरच ठेवली. म्हणाला, "विकास, जरा ऐक की."

मी समोर ग्रीनवरच्या, होलभोवतीच्या हिरवळीवरच्या, निशाणाकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "अंतर?"

तो थांबला. मग त्याने अंतर सांगितलं. मी दांडा घेतला आणि मारला, आणि तो फटका त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला फटका होता. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. हात थरथरले असते, चेंडू पाण्यात गेला असता, तर निदान शरीराने तरी तुमच्याशी इमान राखलं असं म्हणता आलं असतं.

चौदाव्यावर पुन्हा त्याच्या खिशातला फोन वाजला. तो माझ्याकडे यायला लागला, तर मी पट बघायचं निमित्त करून ग्रीनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उकिडवा बसलो. तो तिकडे आला, तेव्हा मी अलीकडे आलो. सोळाव्यावर तर मी पुढे निघून गेलो आणि माझ्याबरोबर खेळणाऱ्या चंडीगडच्या खेळाडूशेजारी चालू लागलो. त्याने नुकतीच गाडी घेतली होती. मी त्याला विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते. तो चमकून माझ्याकडे बघायला लागला, कारण मी त्या नऊ होलमध्ये बोलत नाही. मी मात्र बोलत राहिलो, टायरबद्दल, सर्व्हिसिंगबद्दल. मागे संपतच्या बुटांचा आवाज येत होता आणि तो जवळ आला की मी पावलं उचलत होतो.

खेळ मध्येच सोडायला गोल्फमध्ये काहीही अडचण नसते. बरोबरच्या खेळाडूला सांगायचं, मी थांबतोय, आणि चालू लागायचं. रविवारची दुपार होती, दवाखान्याकडे जाणारे हडपसरच्या बाजूचे रस्ते मोकळे होते. बाराव्यावरून निघालो असतो तर पोहोचलो असतो. प्रज्ञाने फोनवर हे सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं: आईचा श्वास वर लागलाय, शुद्धीवर आहे, दोनदा विचारलं तिने, विकासराव आले का. तुम्हाला मला काय सांगायचं होतं, हे आता कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित आनंदला सांभाळा एवढंच असेल, किंवा हीटर बंद करा. मी त्यातलं काहीही ऐकायला आनंदाने तयार आहे, आणि ऐकता येण्यासारखं होतं तेव्हा मी दुसऱ्याच्या गाडीचं ॲव्हरेज विचारत होतो.

मी तिसरा आलो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

कार्डावर सही करून तंबूतून बाहेर आलो तेव्हा संपत दारातच उभा होता. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, गेल्या. आजूबाजूला खेळाडू होते, क्लबची माणसं होती, दोन-तीन पत्रकार होते. आणि मी काय केलं ते ऐका. मी दचकलो. दचकण्यासारखं मला काही राहिलं नव्हतं, तरी दचकलो. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

संपतने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार. तो खाली बघून म्हणाला, "तूच म्हनला हुता ना, शेवटच्या नऊला काय सांगायचं न्हाय." कुणीतरी 'च् च्' केलं. कुणीतरी संपतकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. मी त्याला तसाच तिथे सोडून गाडीत बसलो.

अंत्यविधीला तो आला होता, पांढरा शर्ट इस्त्री करून. आनंदने त्याला बघितलं आणि त्याचा तोल गेला. तुमचा मुलगा कुणावर आवाज चढवत नाही, तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "फोन कशाला दिला होता तुझ्याकडे? खेळ महत्त्वाचा की माणूस? कॉमन सेन्स नावाची गोष्ट असते." संपत हात बांधून उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तुमच्या पायांपाशी उभा होतो, आणि मी बोललो नाही. तुम्ही उठून बसला असतात तर पहिली माझी खरडपट्टी काढली असती, आणि मग संपतरावांना पाणी विचारलं असतं. तुम्ही उठणार नव्हतात, म्हणून मला गप्प राहणं जमलं.

दोन दिवसांनी संपतचा निरोप आला, पुढच्या स्पर्धेला दुसरा माणूस बघ. मी 'बरं' एवढंच कळवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सोसायटीचा हॉल भरून गेला. तुमच्या खात्यातली माणसं आली होती, निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या फायली तुम्ही परत पाठवल्या होत्या तेही. मंडईतला तो भाजीवाला आला होता, ज्याच्याकडून तुम्ही मांजरीहून रिक्षाने जाऊन वांगी आणायचात आणि रिक्षाचे पैसे वांग्यांपेक्षा जास्त होतात असं कुणी म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचात. भन्तेजींनी पंचशील म्हटलं, आम्ही सगळे मागून म्हणत होतो. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. ओठ तेवढे हलवले. शेजारी बसलेल्या मावशींना वाटलं, मला भरून आलंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग आठवणी सांगायची वेळ आली. मी चांगला बोललो, अहो आई. तुमचा ऊस सांगितला, पावतीची गोष्ट सांगितली. लोक हसले, डोळे पुसले. मी खाली उतरलो तेव्हा आनंदने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस, तुझा यात काय दोष. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. मीच त्याचं सांत्वन केलं.

संध्याकाळी घरी मी आणि प्रज्ञा हॉलमधून आणलेल्या पांढऱ्या चादरींच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. तुम्ही तिला घडी घालायला शिकवलंत तशीच ती अजून घालते, टोकाला टोक, नाहीतर उलगडून पुन्हा. मी चादर धरून उभा राहिलो आणि सांगितलं की मला बाराव्यालाच कळलं होतं.

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, "मी दुसऱ्यांदा फोन केला ना, तेव्हा संपत रडत होता. म्हणाला, ताई, मी सांगाय जातोय, पण त्यो माझ्याकडं बघतच न्हाय. तुला कळलंय हे मला तेव्हाच कळलं."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, तू बोलतोयस का ते बघत होते. अंत्यविधीला बघितलं. आज हॉलमध्ये बघितलं. आईवर इतकं छान बोललास, मी माईकजवळच बसले होते. हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, तुमच्याच आवाजात. मग दुसरी चादर घेतली आणि एक टोक माझ्याकडे दिलं. मग आम्ही उरलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या.

मी आनंदला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग 'ठेवतो' म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही त्याला समजावायला नाही, एवढंच जाणवतं.

काल सकाळी मी वस्तीत गेलो. संपत ओट्यावर बसून दाढी करत होता. मला बघून त्याने आरसा खाली ठेवला आणि बाजूला सरकून जागा केली. आनंदचा फोन येऊन गेला होता. लई रडले, माफी मागत हुते, मलाच कसंतरी झालं, असं तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली. तंबूबाहेर जे बोललो त्याची, आणि अंत्यविधीला जे बोललो नाही त्याची. तो साबण लावलेल्या गालाने ऐकत होता. त्याने ते उडवून लावलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाला, "येक इचारू? त्या दिवसापास्नं माझ्या डोक्यात हाय. मी वरडून सांगितलं असतं, समद्यांम्होरं, की विकास, आई बोलवत्यात, तर गेला असतास का तू?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्याच्या जिवाला बरं वाटलं नसतं, पण माझी लाज थोडी झाकली गेली असती. मग सगळा दोष त्या गप्प राहण्याच्या नियमाचा ठरला असता, मी नुसताच एक घाबरट माणूस उरलो असतो, आणि घाबरट माणसाला लोक सांभाळून घेतात. मी तोंड उघडलंही होतं. घरून येताना हेच उत्तर मी मनाशी घोकत आलो होतो, कारण त्याने विचारायच्या आधी मी स्वतःला रोज हेच विचारत होतो.

मी त्याला म्हणालो, "नाही. सहाच होल राहिले होते. मी म्हणालो असतो, एवढे खेळून निघू."

संपतने मान हलवली. तो म्हणाला, "मला बी तसंच वाटलं हुतं. म्हनून मी वरडलो न्हाय."

अहो आई, तुम्ही मला बोलावत होतात, आणि मी आलो नसतो. संपतला हे त्याच दिवशी माहीत होतं, प्रज्ञाला माहीत होतं, आता आनंदलाही कळेल. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे लिहिलं.